‘सी’च्या रांगेतली नारिंगी बरणी

एक्स-रे उजेडाकडे धरून डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "हा दमा वाटत नाही." मग माझ्या उशाशी उभ्या असलेल्या शालूताईला त्यांनी विचारलं, "या काम काय करतात?"

शालूताई माझी मोठी नणंद. आमगावच्या बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान आहे. ती म्हणाली, "कॉलेजात आहे जी. बाटल्या धुते."

माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तो मी बाजूला केला आणि म्हटलं, "प्रयोगशाळा परिचर. रसायनशास्त्र विभाग. अकरा वर्षं." एवढं बोलायला मला तीनदा थांबावं लागलं. नर्सनं रागावून मास्क परत बसवला.

मग मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं: केमिकल न्यूमोनायटिस, म्हणजे रसायनाच्या वाफेनं फुफ्फुसाला आतून आलेली सूज. ही जंतूंची बाधा नसते, त्यामुळे साध्या न्यूमोनियाच्या गोळ्यांनी ती जात नाही. भाजलं की कातडीवर फोड येतो आणि त्यात पाणी भरतं. तसंच पाणी श्वासाच्या बारीक पिशव्यांमध्ये भरतं. माणूस कोरड्या खाटेवर निजलेला असतो आणि बुडत असतो.

"काल काही हुंगलं होतं का? वाफ, धूर?"

"धूर. तपकिरी."

"किती वेळ?"

"दोन-तीन मिनिटं."

"मग काल का आला नाहीत?"

"काल मला काही होत नव्हतं, मॅडम."

त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. "सगळे हेच सांगतात," त्या म्हणाल्या.

हे सगळं लिहायला बसले ते या एका वाक्यासाठी. काल मला काही होत नव्हतं. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत, गोदामात, कारखान्यात बाटल्या हाताळणाऱ्या माझ्यासारख्या कुणाला कधी तपकिरी धूर लागला, तर त्यांनी हे वाक्य म्हणत घरी बसू नये.

आता आदला दिवस सांगते.

आमच्या कॉलेजात तपासणीची समिती येणार होती. प्राचार्यांनी लेखी सूचना काढली होती की भांडारातली सर्व रसायनं इंग्रजी अक्षरक्रमानं लावावीत, म्हणजे पाहणाऱ्याला नीटनेटकं दिसेल. मला ज्यांनी काम शिकवलं ते जुने परिचर आता निवृत्त झाले आहेत. त्यांनी एक नारिंगी खड्यांची बरणी सगळ्यात खालच्या फळीवर, एकटी, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवायला सांगितलं होतं. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. "हिच्या शेजारी कोणाले बसवू नको," एवढंच ते म्हणायचे. मी प्राचार्यांना विचारलं होतं, ही एक तरी जिथं आहे तिथं राहू द्यावी का. ते म्हणाले, "सुजाताबाई, एकीला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागते."

त्या बरणीत सेरिक अमोनियम नायट्रेट होतं. सेरियम नावाचा धातू असतो, त्याचं हे संयुग. सेरियमला दुर्मीळ मृदा गटातलं मूलद्रव्य म्हणतात. नाव दुर्मीळ असलं तरी सिगारेट पेटवायच्या लायटरमध्ये ठिणगी देणारा जो खडा असतो, त्यातही ते असतं. आमच्याकडे मुलं याचं द्रावण अल्कोहोल ओळखायला वापरतात. दोन थेंब टाकले की पिवळ्याचं लाल होतं. मुलांना हा प्रयोग आवडतो, मलाही आवडायचा.

अक्षरक्रमानं लावलं तेव्हा ‘सी’च्या रांगेत हे सगळे शेजारी आले: नारिंगी बरणी, तिचंच नायट्रिक आम्लात केलेलं तयार द्रावण, कोळशाची पूड, आणि सायक्लोहेक्झॅनॉल, म्हणजे अल्कोहोलचाच एक प्रकार. सगळ्यांचं इंग्रजी नाव ‘सी’वरून सुरू होतं, एवढंच त्यांचं नातं.

भांडार तळमजल्यावर, मागच्या अंगणाला लागून आहे. दुपारी अडीचच्या सुमारास त्या फळीचा एका बाजूचा खिळा निघाला. चार-पाच बाटल्या घसरून खाली आल्या. मी हातमोजे घातले, काच वेचली. सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाकला, कारण आमच्याकडे काहीही सांडलं की भुसाच टाकायचा, पोतं भरून ठेवलेलं असतं. सगळं झाडून प्लास्टिकच्या बादलीत भरलं, वर झाकण लावलं आणि बादली कोपऱ्यात ठेवली. माझ्या मते काम चोख झालं होतं.

अर्ध्या तासानं वास आला. भांडाराचं दार उघडलं तर बादलीचं झाकण वाकडं झालं होतं आणि फटीतून वीटकरी रंगाचा धूर निघत होता. जड धूर, जमिनीलगत पसरणारा. चार हातांवर स्पिरिटचं कपाट होतं आणि भिंतीपलीकडे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग बसला होता. मी ओढणी नाकाला बांधली, आत गेले, बादलीची कडी धरली आणि ओढत मागच्या दारानं बाहेर अंगणात नेली. तिथं पोचता पोचता ती भडकली. नळाला पाइप लावलेला होता, मी लांबूनच भरपूर पाणी मारलं.

लोक मला शूर म्हणाले. आज मी सांगते, ती चूक होती. दार बंद करून वर्ग मोकळा करायचा, अग्निशमनाला कळवायचं आणि आपण आत जायचं नाही. ओढणीनं तो धूर अडत नाही. पण तेव्हा मला हे कुणी सांगितलेलं नव्हतं आणि पलीकडे चाळीस मुलं होती.

पंधरा-वीस मिनिटं खोकला आला. डोळे झोंबले. मग थांबलं. प्राचार्य म्हणाले, "घरी जा, गरम दूध प्या, आराम करा." मी घरी आले, भाकरी केल्या, जेवले आणि झोपले. पहाटे नळाला पाणी येतं. पहिला गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, भरून उचलला आणि तिथंच बसले. छातीवर कुणी तांदळाचं पोतं ठेवलंय असं वाटत होतं.

शालूताई आमच्या घराला लागूनच राहते. ती आली. "काऊन व, तुले एवढा दम लागून राहिला?" मला उत्तर देता येईना. आमगावातल्या एका डॉक्टरनं दमा सांगून इंजेक्शन दिलं. तासाभरात ओठ निळे पडले. तेव्हा शालूताईनं कुणाला विचारलं नाही. शेजाऱ्याची गाडी उभी होती, तिच्यात मला घातलं आणि गोंदियाला या डॉक्टर मॅडमकडे आणलं.

बोटाला लावलेल्या चिमट्यावर चौऱ्याऐंशी आकडा होता. हा रक्तातला ऑक्सिजन. तो पंच्याण्णवच्या वर हवा.

मग तपासण्या. एबीजी म्हणजे मनगटाच्या खोल धमनीतून घेतलेलं रक्त. ते फार दुखतं, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे घाबरायला होणार नाही. एचआरसीटी म्हणजे छातीचे पातळ पातळ काप दाखवणारा स्कॅन. तो काढणारा मुलगा हिंदीत सांगायचा, "दीदी, साँस रोको." पहाटेपासून कसाबसा चालणारा श्वास, आणि तो आता रोखायचा. मी रोखला.

माझे पती मिलिंद कोहमाऱ्याला हायवेवर ट्रकच्या टायरचं काम करतात. आठवडाभर ते तिकडेच राहतात. ते कामाच्या कपड्यांतच आले. माझ्या पायाशी उभे राहून त्यांनी डॉक्टर मॅडमना सरळ विचारलं, "वाचते का नाही, तेवढं सांगून द्या."

मॅडम म्हणाल्या, "पुढचे दोन दिवस महत्त्वाचे. मशीन लागू शकतं. पण बाई चिवट आहे, मास्क काढून मला पद सांगत होती."

मशीन लागलं नाही. स्टेरॉइडची इंजेक्शनं, औषधाची वाफ, आणि रात्रंदिवस मास्क. शालूताई दुकान बंद ठेवून खाटेजवळ बसायची. नर्स सूप द्या म्हणायची, तर ती डब्यात पातळ पेज आणायची आणि म्हणायची, "हेच आपलं सूप."

तिसऱ्या दिवशी प्राचार्य भेटायला आले. सोबत कार्यालयातले बाबू होते आणि त्यांच्या हातात टाइप केलेला कागद होता. प्राचार्यांनी तब्येत विचारली, फळं ठेवली, मग कागद पुढे केला. "फक्त औपचारिकता आहे. समिती यायची आहे, त्यापूर्वी फाइल पूर्ण हवी."

मी वाचलं. ‘दैनंदिन कामकाजात माझ्या निष्काळजीपणामुळे रसायने एकमेकांत मिसळली गेली व त्यातून किरकोळ घटना घडली.’

किरकोळ. मी तो शब्द दोनदा वाचला.

मिलिंद म्हणाले, "सर, तिले श्वास घेता येत नाही, अन् तुम्ही सही कायले मागून राहिले?"

"नंतर त्रास होऊ नये म्हणून सांगतो," प्राचार्य म्हणाले. "चौकशी लागली तर तुमच्याच नोकरीवर येईल."

मी त्यांच्याकडे कोरा कागद मागितला. ते चपापले, पण बाबूंनी फाइलमधून काढून दिला. उजव्या हाताला सलाइन होतं. अक्षर वेडंवाकडं आलं, तरी लिहिलं. की मी अकरा वर्षं ही बरणी वेगळी ठेवत होते. की ती हलवण्याची लेखी सूचना अमुक क्रमांकानं निघाली आणि तिची प्रत माझ्या कपाटात आहे. की मी तोंडी हरकत घेतली होती. की भुसा टाकणं मला शिकवलेलं होतं आणि दुसरं काही शिकवलेलं नव्हतं. खाली नाव लिहिलं. मग म्हटलं, "माझं म्हणणं हे आहे. फाइलला हे लावा."

तेवढ्यानं मला इतकी धाप लागली की नर्सनं सगळ्यांना बाहेर काढलं. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की आपण या खाटेवरून उठणार आहोत.

दुसऱ्या दिवशी कटरे सर आले. ते आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे दर वर्षी नवी नेमणूक, आणि ती मिळेलच असं नाही. त्यांनी चार पानं छापून आणली होती. रसायनाच्या बरणीसोबत असा कागद येतो, त्याला सेफ्टी डेटा शीट म्हणतात. त्यात ते रसायन कसं ठेवायचं, सांडलं तर काय करायचं, हुंगलं गेलं तर काय करायचं, सगळं असतं.

"मला मराठीत सांगा," मी म्हटलं. "ओळीनं. काही सोडू नका."

त्यांनी स्टूल ओढलं आणि सांगायला लागले. बरणीवर गोलावर ज्वाला असं चिन्ह असतं. मी इतकी वर्षं त्याला नुसती आग समजत होते. ते चिन्ह ऑक्सिडायझरचं, म्हणजे ऑक्सिडीकारकाचं. तो पदार्थ स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जळायला ऑक्सिजन पुरवतो. म्हणून लाकूड, कागद, कापूस, कोळसा, तेल, अल्कोहोल यांच्यापासून तो लांब ठेवायचा. सांडला तर भुसा किंवा फडकं कधीच टाकायचं नाही. कोरडी वाळू टाकायची, अलगद भरायचं, घट्ट झाकण लावायचं नाही आणि सांडलेलं परत बरणीत ओतायचं नाही. डोळ्यांत गेला तर पंधरा मिनिटं तरी वाहत्या पाण्याखाली डोळे धरायचे, कारण डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. नायट्रेट तापलं की त्यातून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. तोच तपकिरी धूर. तो लागलेल्या माणसाला बरं वाटत असलं तरी दवाखान्यात ठेवून लक्ष ठेवायचं, कारण फुफ्फुसात पाणी कित्येक तासांनी भरतं.

मी ऐकत होते आणि माझ्या आत काहीतरी तापत होतं.

"हा कागद आपल्याकडे होता?"

"पार्सलसोबत आला असेल. फाइलला लागला असेल."

"अन् तुम्हाला हे माहीत होतं?"

"अक्षरक्रमानं लावू नये, एवढं माहीत होतं. मी बोललो नाही. माझी नेमणूक..."

मी त्यांना ‘असू द्या’ म्हटलं नाही. असू देण्यासारखं नव्हतं. पण ते आले होते आणि खरं बोलले होते. मी म्हटलं, "मग आता लिहून द्या, सर. माझ्या जबाबाला जोडायला." त्यांनी मान डोलावली. लिहून देतील असं मला वाटलं नव्हतं. दोन दिवसांनी त्यांनी सहीनिशी दिलं.

सातव्या दिवशी घरी सोडलं. डॉक्टर मॅडमनी कागदावर एक ओळ लाल पेनानं लिहिली आणि माझ्याकडून वाचून घेतली: दोन ते सहा आठवड्यांत ताप, खोकला, दम आला तर त्याच दिवशी या. "हा आजार कधी कधी फसवतो," त्या म्हणाल्या. "बरा होतो आणि परत येतो."

तो परत आला. तिसऱ्या आठवड्यात अंगात कणकण आली, कोरडा खोकला सुरू झाला. शालूताई म्हणाली, "सगळ्या गावाले सर्दी आहे, तुले पण झाली असेल." मी म्हटलं, "ताई, गाडी किती वाजता आहे?" आणि आम्ही निघालो.

या वेळी नाव मिळालं ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स. फुफ्फुसातल्या सगळ्यात बारीक नळ्या आतून व्रण धरून चोंदतात. हवा आत जाते, पण बाहेर पडायला वाट राहत नाही. वेळेत स्टेरॉइड सुरू केलं तर बरंच थांबतं, उशीर झाला तर थांबत नाही. मॅडम म्हणाल्या, "आज आलात ते बरं केलंत." गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागल्या. तोंड सुजलं, भूक भुतासारखी लागायची, कारण नसताना रडू यायचं. हे गोळ्यांमुळे होतं. तरी त्या मनानं बंद करू नयेत, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

या काळात लोक फार बोलले. हाडापेरानं मजबूत बाई होती, आता कामातून गेली, असं एक पाहुणी माझ्यासमोर बोलली. आमच्या समाजातल्या एका मोठ्या माणसानं मिलिंदला सुचवलं की कॉलेजशी भांडू नको, आपल्या लोकांना नोकऱ्या सहज मिळत नाहीत. मिलिंद म्हणाले, "नोकरी तिची आहे, भांडण पण तिचंच आहे. मी फक्त तिच्यासंग जाऊन राहिलो."

चौकशी झाली. माझा जबाब, कटरे सरांचं पत्र, डॉक्टर मॅडमचं प्रमाणपत्र आणि ती लेखी सूचना असे चार कागद समोर होते. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द निघाला. माझी रजा कामावरची दुखापत म्हणून धरली गेली. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. माफी मागितली नाही. म्हणाले, "तुम्हाला खालच्या मजल्यावर कार्यालयात घेतो. टपालाचं काम. जिने नाहीत, धूर नाही."

ते भल्यासाठीच सांगत होते, हे मला कळत होतं. पण मला टपाल नको होतं. मी म्हटलं, "सर, धूर नाहीसा करायचा असेल तर मला वर राहू द्या."

त्यांनी कपाळ चोळलं. "बरं. काय काय पाहिजे ते लिहून द्या."

मी दोन पानं लिहून दिली. ऑक्सिडीकारकांना लोखंडी वेगळं कपाट. भुशाच्या जागी वाळूच्या बादल्या. डोळे धुवायचा नळ. प्रत्येक बरणीचा कागद मराठीत करून दाराला. मुलांना चष्मे, जाड, बाजूनं बंद असलेले. दोन पानांतलं बरंचसं आलं. नळ यायला सहा महिने लागले. मी दर सोमवारी विचारायचे आणि दर सोमवारी ते पुढच्या सोमवारी म्हणायचे.

शेवटची पीएफटी झाली ती याच वर्षी. नळीत जोरानं फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजतात. तंत्रज्ञ ओरडत होता, "फूँको दीदी, और, और, और." मी डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत फुंकलं. डॉक्टर मॅडमनी आलेख बघितला. "जे गेलं ते परत येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण गेल्या तीन वेळा आलेख तिथंच आहे. खाली गेलेला नाही."

"एवढ्या श्वासात किती काम होते?"

"सांभाळून केलंत तर सगळं."

मला त्यांचे आभार मानायचे होते. इतकी वर्षं कुणी मला विचारलं नव्हतं की तू काम काय करतेस, आणि त्यांनी सगळ्यात आधी तेच विचारलं. ते विचारलं नसतं तर मी दम्याच्या औषधावर मेले असते. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "बरं मॅडम, येते. गाडी आहे." शालूताई मागे राहिली आणि तिनं आपल्या दुकानातल्या हिरव्या बांगड्यांचा जोड त्यांच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी तिथल्या तिथं हातात चढवला.

आमगावला उतरले तेव्हा दुपारचं प्रात्यक्षिक सुरू व्हायला वेळ होता. घरी न जाता सरळ कॉलेजात गेले. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर आहे. जिन्यात दोनदा थांबले. वरून एक मुलगी आली, हात देऊ का म्हणाली. मी म्हटलं, "नको, मला सवय आहे."

कटरे सर फळ्यावर प्रयोग लिहीत होते. मुलं टेबलांशी उभी होती, पुढ्यात नारिंगी-पिवळ्या द्रावणाच्या छोट्या बाटल्यांचे ट्रे. बहुतेकांनी चष्मे लावले होते. मागच्या टेबलावरच्या दोघांनी ते कपाळावर चढवून ठेवले होते. त्यांतला एक हळूच म्हणाला, "आता ही बाई शिकवणार का?"

मी दारातलं स्टूल ओढून त्या टेबलासमोर बसले. त्यांच्या बाटल्यांचा ट्रे उचलून मांडीवर घेतला.

"चष्मे खाली," मी म्हटलं.

ते हसले. सर वळून बघत होते. मी श्वास घेत होते, हळूहळू, डॉक्टर मॅडमनी शिकवल्याप्रमाणे, ओठ चंबू करून. सगळा वर्ग थांबला होता. मला तर दम खायचाच होता, त्यामुळे घाई नव्हती.

आधी एकानं चष्मा खाली ओढला. मग दुसऱ्यानं. मी ट्रे परत त्यांच्या टेबलावर ठेवला.